हद्दीपलीकडची ढाबळ

सोमवार, २१ ऑगस्ट २०२३

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, वर्षवार.

१९९१: जिन्याचा ओक लाकडाचा कठडा. पहिलंच काम, वरच्या टोकाला जरासा वाकडा. घरी येणाऱ्या कुणाला दिसत नाही, मला रोज दिसतो. १९९४: बायकोच्या, लोरेनच्या, स्वयंपाकघरातली नऊ कपाटं, एकही खिळा नाही, सगळे सांधे. १९९८: विल्फची कबुतरांची ढाबळ. चोवीस फूट लांब, आठ रुंद, पाडलेल्या प्रार्थनाघराच्या बाकांचं पाइन लाकूड. तीन खण, आतला वारा छपराखालून निघून जातो, पंचवीस वर्षांत एक थेंब गळलेला नाही. २००५: शीट खरवडायची खरवडणी. पातं जुन्या करवतीचं, दांडा ॲशच्या लाकडाचा, माझ्या उंचीच्या मापाचा. २०१३: माझ्या व्हॅनचं पोट. चोवीस टोपल्या बसतात, प्रत्येकीला हवा, वरच्या कबुतराची घाण खालच्यावर पडत नाही. आमच्या कबुतर-शर्यतींच्या क्लबची पितळी घड्याळं मी दुरुस्त केली, बनवली नाहीत. ती धरलेली नाहीत.

शाळा सोळाव्या वर्षी सोडली. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही. पुस्तकं वाचली, आणि दुसऱ्यांची मोडलेली कामं उलगडून बघितली.

हे आज लिहायचं कारण: पुढच्या मंगळवारी लंडनची धूरपट्टीची हद्द आमच्या उंबऱ्याशी येते. घरपट्टी होती, पाणीपट्टी होती, आता जुन्या गाड्यांच्या धुरावर धूरपट्टी. माझी व्हॅन २०१० सालची, डिझेल. हद्दीत चाक टाकलं की त्या दिवसाचे साडेबारा पाउंड. मी स्वान्लीत राहतो, म्हणजे केंट परगण्यात. विल्फ सेंट मेरी क्रेला राहतो, चार मैलांवर, आणि ते लंडन. जुनी गाडी मोडीत काढायला लंडनवाल्यांना मदत मिळते. आम्हाला नाही, कारण आम्ही लंडनचे नाही. पट्टी भरताना मात्र आम्ही लंडनचे.

कधीतरी या सगळ्याची चौकशी बसेल. तेव्हा कुणीतरी तारीखवार लिहून ठेवलेलं असावं. टीव्हीवर जे ओरडतात त्यांच्यापैकी एकालाही हे जमणार नाही.

विल्फ हॉबडे, वय एकोणऐंशी, बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, माझा भागीदार. कबुतरं दोघांची, जागा त्याची. आमच्या घराला अंगण नाही. क्लबच्या पाटीवर ‘हॉबडे आणि टॅपसेल’ असं आहे. ढाबळ मी बांधली तेव्हा टॅपसेल आधी यायला हवं होतं. विल्फ म्हणतो, ‘‘मरणाच्या क्रमाने लिहिलंय, गड्या.’’

त्याच्या छातीला कबुतरांची धूळ लागली आहे. बारा वर्षांपूर्वी डॉक्टरने सांगितलं, पक्षी ठेवा नाहीतर फुफ्फुसं ठेवा. आम्ही मधला मार्ग काढला. दर शुक्रवारी ढाबळ मी खरवडतो, आणि तो बाहेर खुर्चीवर बसून चुका काढतो.

मंगळवार, २९ ऑगस्ट

पहिला दिवस. सकाळी हद्दीच्या अलीकडच्या चौकातल्या गोल चक्रापर्यंत गेलो, गाडी कडेला लावली आणि अर्धा तास बघत राहिलो. तीन व्हॅन चक्राला पूर्ण वळसा घालून परत गेल्या. एक छपरांची कामं करणारा होता, शिडी वर बांधलेली. त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. मीही केला. तिघं परत फिरले, तीस जण आत गेले, हेही लिहितो.

मी परत आलो. विल्फचा फोन.

‘‘आलास का नाही?’’

‘‘नाही आलो.’’

‘‘गाडी बिघडली?’’

‘‘गाडी उत्तम आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे.’’

‘‘बरं. मग तत्त्वाला घेऊन ये. दोघांचा चहा टाकतो.’’

त्याला गांभीर्य नाही. कधीच नव्हतं.

शनिवार, २ सप्टेंबर

काल पिल्लांच्या शर्यतीसाठी टोपल्या भरायची संध्याकाळ. इतकी वर्षं आमच्या बाजूच्या सगळ्यांचे पक्षी माझ्या व्हॅनमधून क्लबवर जायचे. काल क्लबचा सेक्रेटरी क्लाइव्ह नन स्वतःच्या नव्या गाडीतून विल्फकडे गेला आणि मागच्या सीटवर एक टोपली घेऊन आला. एकच मावते. सीटवर त्याने प्लास्टिक अंथरलं होतं म्हणे.

केंटकडचे पाच जण आलेच नाहीत. क्लाइव्हने फोनवर विचारलं, ‘‘रॉय, किती दिवस रुसणार?’’

मी म्हटलं, ‘‘रुसायला मी तुझी बायको आहे का?’’

‘‘बायको असतास तर शर्यतीच्या दिवशी तरी आला असतास.’’

कालचं खरवडणं चुकलं, ढाबळ साचत चालली असेल. हे डोक्यातून जात नाही.

मंगळवार, ५ सप्टेंबर

गल्लीत अनोळखी गाड्या. सगळ्या जुन्या. हद्दीतले लोक रात्री इथे आणून लावतात आणि सकाळी बसने येऊन घेऊन जातात. आमच्या दारासमोर एक निळी गाडी आहे, आरशाला लहान मुलाचा मोजा लटकवलेला. समोरची म्हातारी म्हणते, ‘‘त्यांचा धूर आमच्याकडे ठेवायला दिलाय.’’ त्यांची हवा शुद्ध, आमच्या दारात गर्दी. नोंद करण्यासारखं आहे, केली.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

बसने गेलो. दोन बस, मधे उभं राहणं, एक तास चाळीस मिनिटं. शिडीवरून पडलो त्या वर्षापासून कंबर अशी की बसच्या सीटवरून उठताना तोंडातून आवाज निघतो. एका शाळकरी पोरीने मला जागा दिली. मी छप्पन्न वर्षांचा आहे.

मक्याचं पोतं बसमधून नेता येत नाही. खरवडणी नेली. दांडा लांब, म्हणून ड्रायव्हर म्हणाला, ‘‘हे काय, भाला?’’

ढाबळ वाईट होती, पण मी धरलं होतं तितकी नाही. विल्फ बाहेर खुर्चीवर.

‘‘डाव्या कोपऱ्यात राहिलंय,’’ तो म्हणाला.

‘‘तिथून तुला दिसतच नाही.’’

‘‘आवाजावरून कळतं. तू कोपरा टाळतोस तेव्हा सुस्कारा टाकतोस.’’

आमची पोस्टमास्तरीण, निळ्या पट्ट्यांची मादी, नऊ वर्षांची, माझ्या खांद्यावर येऊन बसली. सात हंगाम ती वेळेवर घरी आली, एकदाही उशीर नाही, म्हणून ते नाव. आता फक्त पिल्लं काढते आणि सगळ्यांना टोचते.

निघताना विल्फ एक पाकीट माझ्या खिशात घालायला लागला. काहीतरी बोलत होता. मी हात बाजूला केला आणि बोलणं दाण्यावर नेलं. वाटाणा जास्त झालाय, पक्षी जड होतात.

घरी यायला दोन तास. लोरेनने कंबर शेकून दिली. म्हणाली, ‘‘एकदा पट्टी भरून गाडीने जा की. घरात बसून शेकण्यापेक्षा स्वस्त पडेल.’’

असल्या बसप्रवासात मी पुन्हा जाणार नाही. सत्तावीस वर्षं मी त्या दारात माझ्या गाडीतून उतरलो आहे.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

रॉदरहॅमहून एकजण व्हॅन बघायला आला. तिकडे हद्द नाही, इथल्या जुन्या गाड्या तिकडे नेऊन विकतो. दार उघडून आतल्या टोपल्यांच्या मांडणीकडे बघत राहिला. म्हणाला, ‘‘हे सगळं काढावं लागेल.’’ सव्वीसशे पाउंड म्हणाला. मी दार लावलं.

लोरेन ओट्याशी उभी होती. ती इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दोनशे मुलांचं जेवण काढते, त्यामुळे तिला लांबण लावलेलं आवडत नाही.

‘‘रॉय, तुझी निम्मी गिऱ्हाइकं हद्दीत आहेत. बिलात साडेबारा वाढवून लाव. सगळे तेच करतात.’’

‘‘मी त्यांच्या वतीने वसुली करणार नाही.’’

‘‘मग पेट्रोलची व्हॅन घे.’’

‘‘तिच्या पोटात हे बसणार नाही. मापं वेगळी असतात.’’

‘‘मापं!’’ ती म्हणाली. ‘‘एवढ्या कामांचं तुझं माप बरोबर आलं. माणसाचं कधी येणार?’’

काय म्हणायचं होतं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. सूप गार झालं होतं.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

विल्फशी फोनवर बोललो. आता दर शुक्रवारी, मी खरवडायला जायचो त्या वेळेला.

बातमी: त्याला मदतनीस मिळाला आहे. टेड नावाचा कुणी निवृत्त माणूस, मागच्या रस्त्यावर नुकताच राहायला आला आहे, पूर्वी यॉर्कशरला कबुतरं ठेवायचा. आठवड्यातून एकदा येऊन ढाबळ खरवडतो.

‘‘जमतं का त्याला?’’ मी विचारलं.

‘‘भिंतीकडून दाराकडे येतो. तू करतोस तसं.’’

‘‘आणि कोपरे?’’

‘‘तुझ्यापेक्षा हळू. पण जमतात.’’

‘‘खरवडणी कुठली वापरतो?’’

विल्फला खोकला आला. मग म्हणाला, ‘‘स्वतःची आणतो.’’

बरं झालं. एक काळजी मिटली. पण यॉर्कशरचे लोक राखेऐवजी भुसा पसरतात आणि भुशाला ओल धरते. हे सांगायचं राहिलं.

शनिवार, ११ नोव्हेंबर

गाड्यांचे नंबर टिपणाऱ्या, हद्दीवरच्या कॅमेऱ्याचा खांब बुधवारी रात्री कुणीतरी कापला. बघून आलो. घाणेरडं काम. अर्ध्यात पातं अडकलेलं, मग दुसरीकडून सुरुवात, शेवटी वाकवून मोडला. पबमध्ये एक तरणा माणूस माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, ‘‘तुमच्याकडे लोखंड कापायचा चांगला ग्राइंडर आहे असं ऐकलं. एका रात्रीपुरता हवा होता.’’

मी म्हटलं, ‘‘माझी अवजारं मी उसनी देत नाही.’’

‘‘तुम्ही आमच्या बाजूचे ना?’’

‘‘बाजूचा आहे. पण असलं कापकाम माझ्या यंत्राने झालं असं कुणी म्हणायला नको.’’

दोन दिवसांत नवा खांब आला.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

विल्फ फोनवर मधेमधे थांबतो. पायऱ्या चढून आल्यासारखा. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘थंडी.’’ घरात पायऱ्या नाहीत.

टेडबद्दल विचारलं.

‘‘त्याला बोलाव ना फोनवर. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.’’

‘‘आत्ताच गेला.’’

‘‘मागच्या वेळी पण आत्ताच गेला होता.’’

‘‘कामाचा माणूस आहे, गड्या. तुझ्यासारखा फोनवर बसत नाही.’’

खरं सांगतो, मला राग आला. ती ढाबळ मी उभी केली. तिच्या फळ्यांतली प्रत्येक गाठ मला ठाऊक आहे. आणि कोण कुठला टेड आत जाऊन पोस्टमास्तरणीच्या टोचा खातो. मधे एकदा वाटलं होतं की पुढच्या शुक्रवारी काय ते साडेबारा भरावेत आणि जाऊन यावं. आता नाही. तिथे टेड आहे.

शनिवार, २ डिसेंबर

नियमावली पूर्ण वाचली. चौकशीत कुणी चूक दाखवायला नको म्हणून अक्षर न् अक्षर. आणि सापडलं. वर्षभर, रात्रंदिवस पट्टी लागते, फक्त एक दिवस सोडून. नाताळचा दिवस. त्या दिवशी हद्द झोपते. कॅमेरे उभे असतात, पण हिशेब करत नाहीत.

तडक विल्फला फोन केला. तो हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.

‘‘म्हणजे येशूला माफी आहे.’’

‘‘सोमवार आहे. सकाळी आठला तुझ्या दारात. त्या दिवशी जोड्या लावू.’’ दरवर्षी नाताळच्या आसपास आम्ही नर-माद्यांच्या जोड्या लावतो. कुणाला कुणाशी, यावर भांडण होतं. गेल्या वर्षी तीन तास झालं होतं.

‘‘पोस्टमास्तरणीला त्या तांबड्याशी नाही लावायचं,’’ विल्फ म्हणाला.

‘‘तांबड्याशीच लावायचं.’’

‘‘ये तर खरा. बघू.’’

व्हॅनचं तेल बदललं. दोन पोती मका, एक गहू. पिल्लांसाठी नवे कप्पे करायला घेतले आहेत, बारा. लोरेन पुडिंग करणार. टेडलाही बोलाव असं विल्फला सांगितलं, एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे.

‘‘टेड सणाला बहिणीकडे जातो,’’ विल्फ म्हणाला.

सोमवार, १८ डिसेंबर

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. विल्फच्या शेजारच्या फोलाकेबाई. मूळच्या नायजेरियाच्या, वृद्धाश्रमात रात्रपाळी करतात. एकदोनदा कुंपणापलीकडून बोलणं झालं आहे.

‘‘मिस्टर रॉय, मिस्टर हॉबडेंना आज सकाळी इस्पितळात नेलं. श्वास लागला होता. मी कामावरून आले तर मागच्या दाराशी बसले होते, ओठ निळे.’’

‘‘मागच्या दाराशी? या थंडीत?’’

‘‘ढाबळीकडून येत होते. तुमची कंबर बरी आहे का आता?’’

‘‘माझी कंबर?’’

‘‘ते म्हणाले, रॉयचं कंबरडं मोडलंय, अंथरुणावर आहे, म्हणून येत नाही.’’

मी म्हटलं, बरी आहे. कबुतरांना दाणापाणी त्या घालतील, रोज वरवर झाडूनही घेतील. मापं सांगितली.

मंगळवार, १९ डिसेंबर

विल्फ स्वतः फोनवर आला. मागे यंत्राचा आवाज.

‘‘निघू का?’’ मी विचारलं.

‘‘वेडा आहेस का? इथे गाडी लावायला वेगळे पैसे, आत यायला वेगळे. सोमवारी ये. तोवर मला सोडतात. व्हॅन घेऊन ये, फुकट, राजासारखा.’’

‘‘नक्की?’’

‘‘खरवडणी आण. तुझी. टेडला कोपरे जमत नाहीत.’’

हे ऐकून बरं वाटलं, ते लपवत नाही.

गुरुवार, २१ डिसेंबर

लोरेन शाळेतून परस्पर ट्रेनने इस्पितळात जाऊन आली. मला सांगितलं नव्हतं. कोट न काढता स्वयंपाकघरात बसली.

‘‘लहान दिसतो रे तो. पलंगात अर्धाच माणूस ठेवल्यासारखा.’’

‘‘सोमवारी—’’

‘‘उद्या जा, रॉय.’’

‘‘उद्या कप्प्यांना रंगाचा दुसरा हात द्यायचा आहे. सोमवारी जोड्या लावायच्या तर ते वाळलेले हवेत. तो स्वतःच म्हणाला सोमवारी.’’

‘‘तो काय म्हणेल दुसरं?’’

ती वर निघून गेली. कठड्याच्या वाकड्या भागावर तिचा हात थांबलेला दिसला. कप्पे छान झाले आहेत. कडा गोल केल्या, पिल्लांना लागू नये म्हणून.

शनिवार, २३ डिसेंबर

विल्फ पहाटे गेला.

सोमवार, २५ डिसेंबर

आठला तिथे होतो. रस्त्यावर बस नाही, ट्रेन नाही, माणूस नाही. हद्दीवर नव्या खांबावर कॅमेरा होता. मी खालून गेलो. काही झालं नाही.

किल्ली फोलाकेबाईंकडे होती. दारात त्यांची मुलगी, सातआठ वर्षांची, नव्या स्वेटरमध्ये. बाईंनी मला चहा दिला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

मी विचारलं, ‘‘टेडला कुणी कळवलं का?’’

‘‘कोण टेड?’’

‘‘मागच्या रस्त्यावर राहतो. ढाबळ साफ करायला यायचा.’’

‘‘मिस्टर रॉय, तिथे कुणी येत नव्हतं. दर शुक्रवारी ते स्वतःच आत जायचे. तोंडाला ओलं फडकं बांधून. थोडं खरवडायचे, बाहेर येऊन खुर्चीवर बसायचे, पुन्हा आत. मी ओरडले होते त्यांच्यावर. म्हणाले, रॉय आला आणि त्याला घाण दिसली तर तो मला जगू देणार नाही.’’

मी चहा संपवला.

मग त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही त्या पट्टीमुळे येत नव्हता, हे मला काल क्लबच्या माणसाकडून कळलं. मी एक सांगते, राग मानू नका. हिला दमा आहे. गेल्या हिवाळ्यात चार वेळा रात्री दवाखाना केला, या वेळी अजून एकदाही नाही. हे पट्टीमुळे की देवामुळे, मला माहीत नाही. ती काढून टाका असं मी कधी म्हणणार नाही.’’ आणि थांबून, ‘‘पण तुम्ही यायला हवं होतं.’’

ढाबळीत गेलो. जमीन स्वच्छ होती. भिंतीकडून दाराकडे, फळीच्या दिशेने, कुठेही आडवा ओरखडा नाही. डावा कोपरा मी नखाने तपासला. काही नव्हतं. दारामागे खिळ्याला वॉलपेपर काढायची छोटी खरवडणी टांगली होती, वीतभर दांड्याची. म्हणजे गुडघ्यांवर बसून. पातं एका बाजूला पाव इंच झिजलं होतं. त्याखाली फडकं, धुऊन वाळत घातलेलं.

माझी खरवडणी व्हॅनमध्ये होती. आणली होती. करायला काही नव्हतं.

जोड्या लावल्या नाहीत. सगळे पक्षी टोपल्यांत भरले, चोवीसपैकी अकरा टोपल्या लागल्या. खुर्ची बाहेर तशीच राहू दिली. मध्यरात्रीच्या आत हद्दीबाहेर यायचं होतं. मी दुपारीच आलो.

पुडिंग लोरेनने फोलाकेबाईंसाठी दिलं होतं, ते द्यायचं विसरलो. परत आणलं.

शुक्रवार, ५ जानेवारी २०२४

दफन झालं. क्लबचे नऊ जण होते. केंटकडचे तीन, तिघेही लोरेनच्या बहिणीच्या गाडीतून, माझ्यासकट. क्लाइव्हने एक पांढरं कबुतर सोडायचं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. विल्फ पांढऱ्यांना लग्नातले वाजंत्री म्हणायचा.

क्लाइव्ह म्हणाला, ‘‘पाटीवर आता टॅपसेल एकटंच लिहू का?’’

मी म्हटलं, जसं आहे तसं राहू दे.

शनिवार, १३ जानेवारी

माझी कामाची शेड ज्याच्या शेतात आहे त्या शेतकऱ्याने मागची जागा दिली. आठ फुटी ढाबळ उभी केली, नवं लाकूड, नाताळचे बारा कप्पे आत. पक्ष्यांना कोंडून ठेवलं आहे. तरुण पक्षी सवयीने रमतात. म्हातारा पक्षी रमत नाही, तो कितीही महिन्यांनी सुटला तरी जुन्या जागी जातो. कबुतरं ठेवणारा कुणीही हे सांगेल. पोस्टमास्तरीण जाळीच्या एकाच कोपऱ्यात बसते. मी होकायंत्र लावून पाहिलं. विल्फच्या घराची दिशा.

शुक्रवार, २६ जानेवारी

दाणा घालताना दाराची कडी मी लावली होती. लावली नव्हती. दोन्ही लिहितो, कारण मला आठवत नाही, आणि असलं काही मी कधी विसरत नाही.

पोस्टमास्तरीण माझ्या कानाजवळून गेली. एक फेरी घातली, उंच होऊन पश्चिमेला. दहा मिनिटांनी फोलाकेबाईंना फोन केला, तोवर ती तिथे पोचली होती. ‘‘हो, आहे इथे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आत जायच्या भोकाशी टकटक करते आहे.’’

ते भोक मी नाताळला फळी मारून बंद केलं होतं. स्क्रूने, खिळ्याने नाही.

व्हॅन काढली. चक्रापाशी आलो. वळसा घातला नाही.

विल्फच्या दाराला भाडेकरूंसाठी नवं कुलूप आहे. फोलाकेबाईंनी कुंपणातून आत घेतलं. मादी फळीसमोरच्या पट्टीवर बसली होती, छाती फुगवून, थंडीत. मला बघून उडाली नाही. हातात आली. खुर्ची अजून बाहेरच होती, तिच्यावर पाणी साचलं होतं. मी ती पुसली. जरा बसलो. तिथून डावा कोपरा खरंच दिसत नाही.

घरी येऊन फोनवरून पट्टी भरली. दोन मिनिटं लागली. लोरेन मागे उभी होती.

ही वही चौकशीसाठी लिहायला घेतली होती, तेव्हा १५ सप्टेंबरची नोंद अपुरी ठेवून चालणार नाही. ती इथे पुरी करतो. त्या दिवशी विल्फ जे पाकीट माझ्या खिशात घालत होता, त्यावर ‘शुक्रवार’ लिहिलेलं होतं. तो म्हणाला, ‘‘पट्टी मी भरतो, रॉय. दर आठवड्याची. पेन्शन पडून राहते, मला खर्च काय आहे? तू फक्त ये.’’

मी नको म्हणालो. साडेबारा पाउंड.